कण बाहेरच राहतात

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ मध्ये एस्ट्रासॉर्ब नावाच्या औषधाला मान्यता दिली. रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून निघणाऱ्या वाफा आणि रात्रीचा घाम यांवर एस्ट्राडायॉल हे संप्रेरक कातडीतून देणारं हे इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण. सोयाबीन तेल, पॉलिसॉर्बेट ८०, इथेनॉल आणि पाणी यांतून बनलेल्या अतिसूक्ष्म कणांत औषध बसवलेलं. रोज सकाळी प्रत्येकी १.७४ ग्रॅमची दोन पाकिटं उघडायची, एक डाव्या मांडी-पोटरीला आणि एक उजव्या मांडी-पोटरीला चोळायचं. दोन्ही मिळून ८.७ मिलिग्रॅम एस्ट्राडायॉल हेमिहायड्रेट अंगावर लागायचं. रक्तात पोचायचं ते दिवसाला ०.०५ मिलिग्रॅम.

म्हणजे शंभरातला एक भागसुद्धा नाही. तरी औषध लागू पडत होतं, कारण गरज तेवढ्याचीच होती आणि रोज साधारण तेवढंच पोचत होतं. कातडीतून नॅनोकणांच्या मदतीने औषध देण्याबद्दल बोलताना हा आकडा आधी सांगावासा वाटतो. ‘त्वचेत खोलवर शिरणारे नॅनोकण’ असं वाक्य आता क्रीमच्या खोक्यावर, जाहिरातीत आणि एमफार्मच्या प्रबंधांतही इतक्या सहज येतं, की कण खरोखर शिरतो का, हे विचारायचंच राहून जातं. धडधाकट कातडीवर बहुतेक वेळा तो शिरत नाही. तो वर फुटतो, वितळतो, शेजारच्या कणाशी एकजीव होतो किंवा केसाच्या मुळाशी जाऊन बसतो. पुढचा प्रवास औषधाचा रेणू एकट्याने करतो. हे एकदा मनापासून मान्य केलं, की फॉर्म्युलेशन करताना, म्हणजे औषध कशात आणि कसं मिसळायचं ते ठरवताना, घेतले जाणारे निर्णय बदलतात, आणि माझ्या मते चांगली जेलं तिथूनच तयार होतात.

अडथळा आहे तो कातडीच्या सगळ्यात वरच्या थराचा, स्ट्रॅटम कॉर्नियमचा. तळहात-तळपाय सोडले तर त्याची जाडी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). केराटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत, चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर, आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त मेदाम्लं यांची साधारण सारख्या रेणुसंख्येची, नीट थरांत रचलेली मेदाची भर. विटा आणि गिलावा ही उपमा इथे गेली पन्नास वर्षं चालत आली आहे आणि तिच्याहून नेमकी उपमा अजून कुणाला सापडलेली नाही. आत जायचं तर या गिलाव्यातून, वळणावळणाने जावं लागतं. २००० साली बोस आणि मैनार्डी यांनी एक साधं निरीक्षण मांडलं. कातडीला अ‍ॅलर्जी देणारे नेहमीचे पदार्थ, कातडीवर लावायची नेहमीची औषधं आणि पॅचमधून दिली जाणारी औषधं, या तिन्ही गटांतले जवळपास सगळे रेणू ५०० डाल्टनच्या आतले आहेत (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचं एकक). त्याहून मोठा रेणू धड कातडीतून उपयोगी प्रमाणात जात नाही. ५०० डाल्टनचा रेणू साधारण एक नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा असतो. १०० नॅनोमीटरच्या कणाचं आकारमान त्याच्या दहा लाख पट. आपण ज्याला ‘नॅनो’ म्हणून लहान समजतो, तो कातडीच्या हिशेबात प्रचंड मोठा असतो.

सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइडच्या कणांवर ऑस्ट्रेलियात झालेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. निसर्गात कमी आढळणारा झिंक-६८ हा समस्थानिक वापरून सनस्क्रीन बनवलं, स्वयंसेवकांना पाच दिवस समुद्रकिनाऱ्यावर उन्हात ते लावायला दिलं आणि त्यांचं रक्त-लघवी तपासली. झिंक-६८ सापडलं, पण रक्तात मुळातच जेवढं झिंक असतं त्याच्या तुलनेत अगदी किरकोळ. ते कण म्हणून आत गेलं की विरघळून आयन म्हणून गेलं, हे त्या मोजमापातून कळू शकत नव्हतं. झिंक ऑक्साइड आम्लधर्मी घामात विरघळतं, त्यामुळे दुसरी शक्यता मला जास्त पटते. ‘आत सापडलं’ आणि ‘कण आत गेला’ ही दोन वेगळी विधानं आहेत. या विषयातले निम्मे वाद या दोघांची गल्लत केल्यामुळे होतात.

सगळ्यात मोठा वाद झाला तो लवचिक पुटिकांचा, म्हणजे मेदाच्या भिंतीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांचा. लायपोसोम या साध्या पुटिकेत ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड भरून लावलं तर कातडीत जास्त आणि शरीराच्या इतर भागांत कमी पोचतं, हे मेझेई यांनी १९८० मध्ये दाखवलं होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला म्युनिकमधल्या ग्रेगोर चेव्ह यांनी पुढचं पाऊल टाकलं. फॉस्फॅटिडिलकोलिन या मेदामध्ये सोडियम कोलेटसारखा सरफॅक्टंट (साबणासारखं, तेल-पाणी जोडणारं द्रव्य) मिसळला, साधारण ८५ ला १५ या वजनी प्रमाणात, की पुटिकेची भिंत इतकी मऊ होते की ती स्वतःच्या व्यासापेक्षा बऱ्याच लहान छिद्रातूनही निसटते. चेव्ह यांचं म्हणणं असं की कातडीच्या वरच्या भागात पाणी कमी आणि खाली भरपूर. या फरकाच्या ओढीने ट्रान्सफरसोम, म्हणजे ही लवचिक पुटिका, सुकण्यापासून वाचण्यासाठी खाली सरकतो आणि अख्खाच्या अख्खा आत जातो.

याच तत्त्वावरच्या, किटोप्रोफेन या वेदनाशामकाच्या जेलला २००७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मान्यताही मिळाली. पण गुडघ्याच्या संधिवातावरच्या मोठ्या चाचणीत एक विलक्षण गोष्ट घडली. तुलनेसाठी घेतलेलं, त्याच पुटिकांचं पण किटोप्रोफेन नसलेलं जेल दुखणं कमी करायला जवळपास तितकंच उपयोगी ठरलं. पुढे ते औषधविरहित जेलच वेगळ्या नावाने सांध्यांसाठी बाजारात आलं. एवढा मोठा धडा फार कमी वेळा इतका स्पष्ट मिळतो: वाहन कधीही निष्क्रिय धरू नये आणि तुलनेत रिकाम्या कणांचा गट कधीही गाळू नये. आणि २०१६ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी अतिसूक्ष्म विभेदनाच्या सूक्ष्मदर्शकाखाली मानवी कातडीत पुटिका शोधल्या तेव्हा त्या अख्ख्या स्वरूपात आत सापडल्या नाहीत, लवचिक म्हणवल्या जाणाऱ्यासुद्धा. त्या पृष्ठभागावरच फुटत होत्या. त्यांतले मेद गिलाव्यात मिसळतात, त्याची घट्ट रचना सैल करतात आणि औषधाला वाट करून देतात. ट्रान्सफरसोम यामुळे निरुपयोगी ठरत नाही. त्याचं काम कुठे आणि कसं होतं, एवढंच बदलतं.

ट्रान्सफरसोम बनवताना नेहमी बिघडतं ते सरफॅक्टंटच्या प्रमाणात. कमी पडलं तर पुटिका कडक राहते, जास्त झालं तर भिंत विरघळून नुसते मिश्र मायसेल, म्हणजे पोकळी नसलेले रेणूंचे बारीक पुंजके उरतात. बाटलीत दुधाळ निळसर दिसणारं द्रावण अचानक पाण्यासारखं पारदर्शक झालं तर आनंद मानू नये. आकार लहान झाला असं वाटतं, पण बहुधा पुटिकाच नाहीशा झालेल्या असतात. जेरुसलेममधल्या एल्का तुइतू यांचे इथोसोम, म्हणजे भरपूर इथेनॉल असलेल्या पुटिका, बनवायला त्या मानाने सोपे. लेसिथिन (पुटिकेची भिंत बनवणारा मेद) २ ते ५ टक्के आणि औषध इथेनॉलमध्ये विरघळवायचं, झाकलेल्या भांड्यात साधारण ३० अंशांवर ठेवायचं, आणि मिनिटाला ७०० फेऱ्यांच्या आसपास ढवळत असताना त्याच तापमानाचं पाणी बारीक धारेने सोडायचं. अंतिम मिश्रणात इथेनॉल २० ते ४५ टक्के. त्याहून जास्त घातलं तर लेसिथिन विरघळू लागतं. झाकण सैल राहिलं तर इथेनॉल उडून जातं आणि महिन्याभरात आकार वाढतो. रुंद तोंडाच्या डबीत इथोसोम जेल भरणं म्हणजे केलेलं काम पाण्यात घालणं. त्याला ॲल्युमिनियमची ट्यूब किंवा पंपाची बाटलीच हवी.

आता एक अशी गोष्ट, जी लेबलवर क्वचितच लिहिलेली असते. चेव्ह यांच्या म्हणण्याप्रमाणे ट्रान्सफरसोमला पाण्याच्या प्रमाणातला फरक हवा, म्हणून तो लावल्यावर वरून प्लास्टिकचा कागद बांधला तर त्याचं बळच जातं. घन लिपिडच्या, म्हणजे घट्ट मेदाच्या, कणांचं याच्या अगदी उलट. ४०० नॅनोमीटरच्या आतले, चांगले स्फटिकरूप झालेले लिपिडकण सुकताना कातडीवर सलग पातळ थर धरतात, खालचं पाणी उडू देत नाहीत, कातडी ओली राहते आणि तिची घट्ट रचना सैल होते. म्हणजे एकाला झाकायचं नाही आणि दुसऱ्याचं कामच झाकण्याचं. दोघांच्याही खोक्यावर ‘नॅनो’ एवढंच लिहिलेलं. औषध देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही हे विचारायला हवं.

घन लिपिडचे कण आणि त्यांची सुधारित आवृत्ती, म्हणजे घन आणि द्रव लिपिड एकत्र असलेले कण, हे माझ्या मते या सगळ्या मंडळीत सर्वांत विश्वासाचे. घटक रोजच्या मलमांतले, सेंद्रिय द्रावकांची गरज नाही, आणि मोठ्या प्रमाणावर करता येतात. बर्लिनचे राइनर म्युलर यांच्या गटाने १९९० च्या दशकात हे तंत्र रुजवलं. शंभर ग्रॅमची बॅच घेऊ. ग्लिसरिल बेहेनेट हे घन लिपिड ७ ग्रॅम, मध्यम साखळीच्या ट्रायग्लिसराइडचं तेल ३ ग्रॅम, पॉलिसॉर्बेट ८० किंवा पोलोक्झामर १८८ यांपैकी एक सरफॅक्टंट दोन ग्रॅम, बाकी पाणी. बेहेनेट ७० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून दोन्ही भाग ८० ते ८५ अंशांवर न्यायचे. औषध वितळलेल्या लिपिडमध्ये विरघळवायचं. गरम पाण्याचा भाग त्यात ओतून रोटर-स्टेटर या वेगवान घुसळणीवर मिनिटाला ८,००० फेऱ्यांनी मिनिटभर फिरवायचं, आणि लगेच अरुंद फटीतून दाबून थेंब बारीक करणाऱ्या उच्च दाबाच्या होमोजिनायझरमधून ५०० बारवर दोन-तीनदा काढायचं. मग थंड होऊ द्यायचं. थंड होतानाच थेंबांचे घन कण होतात.

इथे चुका ठरावीक असतात. होमोजिनायझर गरम पाण्याने आधी तापवलेला नसेल तर लिपिड झडपेत गोठतं आणि यंत्र अडतं. दोनांऐवजी आठ वेळा काढलं की कण आणखी लहान होतील असं वाटतं, प्रत्यक्षात ते एकमेकांवर आपटून पुन्हा मोठे होतात. शिवाय प्रत्येक फेरीत तापमान वाढतं ते वेगळंच. होमोजिनायझर नाही म्हणून प्रोब सोनिकेटर, म्हणजे ध्वनिलहरींनी थेंब फोडणारी धातूची कांडी, वापरला तर प्रोबचं टायटॅनियम झिजून मिश्रणात उतरतं. करड्या रंगाचा गाळ दिसला तर तो औषधाचा नसतो. आणि सगळ्यात फसवी चूक पहिल्या आठवड्यात दिसतच नाही. लिपिड गोठताना आधी अस्ताव्यस्त स्फटिकरूप घेतं, त्यात औषधाला जागा असते. दिवस जातात तसं ते अधिक नीटस, अधिक स्थिर रूपाकडे जातं आणि औषधाला बाहेर ढकलतं. पहिल्या दिवशी ९० टक्के औषध कणात असलेली बॅच तिसऱ्या महिन्यात ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, की औषधाच्या सुया चमकताना दिसतात. द्रव तेल मिसळण्याचं खरं कारण हेच आहे. तेल स्फटिकाची शिस्त मोडतं आणि औषधाची जागा टिकवतं. शुद्ध, एकाच प्रकारचं लिपिड प्रयोगशाळेत देखणं दिसतं, पण औषध धरून ठेवायला व्यापारी दर्जाचं, मिश्र साखळ्यांचं लिपिडच बरं.

एक बेरीज-वजाबाकी प्रबंध सुरू करण्याआधीच करून पाहावी. लिपिड ५ टक्के घेतलं आणि त्याच्या वजनाच्या ५ टक्के औषध मावलं, तर शंभर ग्रॅममध्ये औषध पाव ग्रॅम. हे द्रावण तेवढ्याच जेलमध्ये मिसळलं की उरलं ०.१२५ टक्के. बाजारातलं साधं क्रीम १ टक्क्याचं असेल तर तुमच्या कणांना आठपट कामगिरी करून दाखवावी लागेल. ०.०५ टक्क्यात चालणाऱ्या स्टेरॉइडला हे गणित जमतं, १ टक्का लागणाऱ्या औषधाला बहुधा जमत नाही. जेल करतानाही भान हवं. कार्बोपोल या घट्ट करणाऱ्या द्रव्याचं जेल ऋणभारित असतं. स्टीअरिलअमीनने धनभारित केलेले कण त्यात घातले की गुठळ्या धरतात. क्षार जास्त असलेलं बफर घातलं तर जेल पातळ होऊन वाहू लागतं.

आकार मोजण्याचंही तसंच. प्रकाशाच्या विखुरण्यावरून आकार सांगणारं यंत्र सगळीकडे असतं आणि त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त विसंबलं जातं. विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, त्यामुळे दहापट मोठा एक कण दहा लाख लहान कणांइतका चमकतो. पातळ करायचं पाणी गाळलेलं नसेल तर आपण धूळ मोजत बसतो. आणि काही मायक्रोमीटरचे मोठे कण तळाशी बसले किंवा वर तरंगले तर यंत्राला ते दिसतच नाहीत. काचपट्टीवर एक थेंब ठेवून साध्या सूक्ष्मदर्शकातून बघायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं वाचवू नयेत.

केसांच्या मुळांची वाट मात्र वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल मला खरंच आशा वाटते. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात युर्गेन लाडेमान यांच्या गटाने दाखवलं की ३२० नॅनोमीटरचे कण चोळून लावले तर केसाच्या कोषात साध्या रंगद्रव्यापेक्षा खूप खोल उतरतात आणि तिथे दहा दिवसांपर्यंत टिकतात. नुसते लावून सोडले तर हा फरक दिसत नाही. चोळताना केस मागे-पुढे हलतो आणि केसाच्या खवल्यांच्या हालचालीने कण खाली ढकलला जातो. म्हणूनच ६०० नॅनोमीटरच्या आसपासचे, म्हणजे खवल्याच्या जाडीशी जुळणारे कण सगळ्यात खोल जातात, आणि लहानाहून लहान कण चांगला ही समजूत इथे उलटी पडते. मुरुमांसारख्या आजारात औषध हवं तेच मुळी कोषात. तिथे काही दिवस बसून हळूहळू औषध सोडणारा कण रक्तापर्यंत गेला नाही तर उत्तमच.

कणच आत न्यायचे असतील तर अडथळा मोडावा लागतो. जॉर्जिया टेकमध्ये मार्क प्राउस्निट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून विकसित केलेल्या सूक्ष्मसुया तेच करतात. त्यांनी पडलेलं भोक मायक्रोमीटरांत मोजायचं, त्यात नॅनोकण सहज उतरतो. पण मग तो विषय इंजेक्शनच्या जवळ जातो, तिथे निर्जंतुकतेचे नियम आले. इसब, जखम, भाजलेली कातडी यांवरही अडथळा आधीच मोडलेला असतो. धड कातडीवर मोजलेली सुरक्षितता तिथे लागू होत नाही, आणि लहान मुलांच्या इसबावर ‘नॅनो’ स्टेरॉइड लावताना हे विशेष लक्षात ठेवायला हवं.

हे सगळं मोजलं जातं ते फ्रान्झ सेलमध्ये. थॉमस फ्रान्झ यांनी १९७५ मध्ये मांडलेलं हे काचेचं साधन अगदी साधं: वर औषध, मध्ये कातडी, खाली ढवळलं जाणारं द्रावण, आणि कातडीचा पृष्ठभाग ३२ अंशांवर. साधेपणामुळेच त्यात खोटे निकाल मिळवणंही सोपं. डुकराच्या कानाची कातडी मानवी कातडीच्या बरीच जवळची, पण कत्तलखान्यातून आणताना उकळत्या पाण्यात टाकण्याआधीचा कान मागून घ्यावा लागतो. गरम पाण्यातून निघालेल्या कानाचा वरचा थर गेलेला असतो आणि त्यातून काहीही आरपार जातं. उंदराची कातडी मानवी कातडीहून कितीतरी सैल. तिच्यावरचे आकडे माणसाला लावू नयेत. कापून काढलेली कातडी आकसते आणि केसांचे कोष मिटतात, म्हणून कोषांचा अभ्यास करायचा तर कानाची कातडी कूर्चेवरून सोडवूच नये.

खालच्या द्रावणात मेदप्रेमी औषध विरघळलं नाही तर ते आत येणंच थांबतं. तिथलं प्रमाण संपृक्ततेच्या, म्हणजे जास्तीत जास्त विरघळू शकतं त्याच्या, दहाव्या भागाच्या आत ठेवायचं. त्यासाठी भरपूर इथेनॉल घातलं तर तेच खालून वर चढून कातडी खराब करतं. कातडीखाली हवेचा बुडबुडा अडकला तर तेवढं क्षेत्रफळ गेलं. सेल तिरका करून तो काढावा. प्रत्येक तुकडा वापरण्याआधी त्याचा विद्युतरोध किंवा त्यातून उडणारी वाफ मोजून तो धड आहे का ते पाहावं.

यापेक्षाही मोठी चूक मात्रेची. माणूस बोटाच्या एका पेरावर मावेल एवढं, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम मलम बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेवर लावतो. हे साधारण ३०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला दीड-दोन मिलिग्रॅम. बरेच प्रयोग एक चौरस सेंटिमीटरवर एक मिलिलिटर द्रावण ओततात, म्हणजे खऱ्या वापराच्या पाचशे-सहाशे पट, आणि वरून झाकतात. चोवीस तास ते पातळ, ताजं द्रावणच राहतं. खऱ्या कातडीवर त्यातलं पाणी काही मिनिटांत उडतं. कण गर्दी करतात, चिकटतात, एकमेकांत मिसळतात. बाटलीत मोजलेला १५० नॅनोमीटरचा कण त्यानंतर त्या रूपात उरतच नाही. कातडीला भेटतो तो हा सुकलेला थर, आणि प्रयोग त्याच्यावर व्हायला हवेत.

चमकणाऱ्या रंगाची चित्रंही जपून वाचावीत. कणात नाइल रेड भरायचा, कातडीवर लावायचं आणि आतला लाल प्रकाश दाखवून कण इथवर गेला असं लिहायचं, हे फार चालतं. नाइल रेड मेदप्रेमी आहे. कण सोडून तो स्वतःच कातडीच्या मेदात निघून जातो. तोच रंग नुसत्या तेलात लावून दुसरं चित्र काढलेलं नसेल तर पहिल्या चित्राचा अर्थ लागत नाही.

मग कण करतो काय? औषध किती आतुरतेने बाहेर पडेल, हे तो ठरवतो. ताकेरू हिगुची यांनी १९६० मध्येच मांडलं होतं की मलमातून औषध कातडीत ढकललं जातं ते टक्क्यांवर नव्हे, तर त्या आधारद्रव्यात ते संपृक्ततेच्या किती जवळ आहे यावर. कणाला औषध फारच आवडत असेल तर तो ते सोडत नाही. ९८ टक्के औषध अडकवणारा कण म्हणूनच नेहमी अभिमानाचा विषय नसतो. लावल्यावर पाणी उडतं, लिपिड आपलं स्फटिकरूप बदलतं, औषध बाहेर ढकललं जातं: बाटलीत जी घटना बॅच खराब करते, तीच कातडीवर पहिल्या तासात घडली तर औषध चालतं. फॉर्म्युलेशनची खरी कारागिरी ती घटना बाटलीत थोपवून कातडीवर घडवण्यात आहे.

कण आत जात नाही हे गृहीत धरून मिळालेलं यश बघायचं तर बर्लिनमधलाच प्रेडनिकार्बेटचा प्रयोग आहे. इसबावरचं हे स्टेरॉइड बाह्यत्वचेत हवं, खालच्या त्वचेत गेलं तर कातडी पातळ करतं. घन लिपिडच्या कणांत बसवलं तेव्हा ते बाह्यत्वचेत जास्त थांबलं. औषध असलेले कण क्रीममध्ये एकास नऊ मिसळले तरी हा गुण टिकला. रिकामे कण औषधाच्या क्रीममध्ये मिसळले तेव्हा तो दिसला नाही. नियंत्रण गट कसा असावा, याचं इतकं स्वच्छ उदाहरण विद्यार्थ्यांना दाखवायला दुसरं नाही. युरोपात २०११ आणि अमेरिकेत २०१६ मध्ये मान्य झालेलं अमेलुझ हे जेलही तसंच. उन्हाने आलेल्या खरखरीत, कर्करोगपूर्व डागांवर अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल सोयाबीन फॉस्फोलिपिडच्या नॅनोइमल्शनमधून देतात. आधी खवले खरवडून काढायचे, मिलिमीटरभर जाड थर द्यायचा, तीन तास झाकायचं, पुसून लाल प्रकाश द्यायचा. रेणू छोटा, पण पाण्यात विरघळणारा. मेदाच्या गिलाव्यात त्याला शिरायला मदत लागते. नॅनोइमल्शन तेवढीच मदत करतं, आणि खवले काढायला मात्र हातच लागतो.

आपल्याकडेही हे काम जुनं आहे. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात सोरायसिससाठी डिथ्रॅनॉल लायपोसोममध्ये बसवलं गेलं, कारण साधं डिथ्रॅनॉल कातडी भाजतं आणि कपड्यांना तपकिरी डाग पाडतं. रुग्ण औषध सोडून देत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात लायपोसोममधल्या अ‍ॅम्फोटेरिसिन बी या बुरशीनाशकावर आधी शिरेतून देण्यासाठी काम झालं, आणि पुढे भारतात त्या औषधाचं ०.१ टक्क्याचं लायपोसोमचं जेलही मिळू लागलं. अ‍ॅम्फोटेरिसिनचा रेणू ९२४ डाल्टनचा, ५०० च्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर. पण गजकर्णाची बुरशी राहते ती वरच्या मृत थरातच, केराटिन खात. औषधाला कातडी ओलांडायचीच नसते, त्या थरात भरपूर साचायचं असतं, आणि पुटिका पृष्ठभागावर फुटून नेमकं तेच साधायला मदत करतात.

अशा जेलच्या ट्यूबा विदर्भात, मराठवाड्यात चाळिशी पार गेलेल्या मे महिन्यात दुकानाच्या फळीवर राहू नयेत. लेसिथिन तापलं की खवट होतं, आणि फ्रीजरमध्ये गोठवलं तर बर्फाचे स्फटिक पुटिका फोडतात. खोक्यावर २ ते ८ अंश लिहिलेलं असेल तर फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यापासून लांब ठेवावी. लावण्याआधी जागा धुऊन पूर्ण कोरडी करायची, बोटाच्या एका पेराएवढं जेल दोन तळहातांएवढ्या जागेला पुरवायचं, डागाच्या कडेपलीकडे दोन सेंटिमीटर लावायचं, आणि डाग दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे चालू ठेवायचं. शेजारच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारं, क्लोबेटॅसोल या तीव्र स्टेरॉइडचं मिश्रण मात्र त्याच जागेवर लावायचं नाही. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते.